विचारायला लाजू नका

मृगाच्या सुमारास शेतकऱ्याच्या घरी दोन खर्च बरोबरच येतात. एक बियाण्या-खताचा आणि दुसरा मुलांच्या फीचा. बारावीचा निकाल लागलेला असतो, मुलगा किंवा मुलगी पुढे शिकायचे म्हणते, आणि मग रात्री जेवणे झाल्यावर कॉलेज कुठले, राहायचे कुठे, पैसे किती लागतील याची बोलणी सुरू होतात. सातारा, सांगली, पुणे, रायगड या जिल्ह्यांतील कितीतरी घरांत ही बोलणी नवी मुंबईवर येऊन थांबतात. कारण तिथे आपले कोणीतरी असते. मामा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी असतो, चुलता कोपरखैरण्याला राहतो, नाहीतर आपला माल ज्या गाळ्यावर उतरतो तिथली माणसे ओळखीची असतात.

कॉलेज कुठले निवडावे यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मला आज लिहायचे आहे ते प्रवेश मिळाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांविषयी. खेड्यातले मूल वर्षभराने शिक्षण सोडून परत आले की आपण म्हणतो, "त्याचं डोकंच चाललं नाही." पुष्कळदा दोष डोक्याचा नसतो. दाखला वेळेवर दिला नाही म्हणून शिष्यवृत्ती अडते. इंग्रजीत शिकवलेले कळत नाही म्हणून मूल मागच्या बाकावर जाऊन बसते, मग तास चुकवू लागते. हजेरी कमी पडते, परीक्षेचा फॉर्म अडतो. या साखळीची पहिली कडी पाहिली तर ती एकच असते. कोणाला तरी विचारायला हवे होते, ते विचारले नाही.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. कॉलेज तर आई नव्हे. शाळेत गुरुजी घरापर्यंत येत, "पोरगं दोन दिवस आलं नाही" म्हणून चौकशी करीत. कॉलेजात एकेका वर्गात शंभरावर मुले असू शकतात. तिथे सगळे काही असते, ग्रंथालय असते, सवलती असतात, समजावून सांगणारे प्राध्यापकही असतात. पण ते उठून आपल्याकडे येत नाहीत. आपण त्यांच्याकडे जावे लागते.

ज्या शहरात मूल पाठवायचे, त्या शहराची थोडी ओळख आधी करून घ्या. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. सिडकोची स्थापना १९७० सालची. त्याआधी इथे भाताची खाचरे होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. आगरी आणि कोळी समाजाची ही गावे. जमिनी गेल्या, आणि मोबदला हातात पडला तो फारच थोडा. योग्य दामासाठी या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासईच्या परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, हे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. आपणहून ते कोणी आणून दिले नव्हते.

हे सांगण्याचे कारण आहे. आज सानपाड्याला, जुहूगावात किंवा शिरवण्याला तुमच्या मुलाला जी खोली भाड्याने मिळेल, तिचा मालक बहुधा त्याच भातशेतकऱ्याचा मुलगा नाहीतर नातू असेल. त्याच्या बापजाद्यांच्या शेतावर आज कॉलेज, स्टेशन आणि बाजार आहे. तेव्हा आपले मूल परक्या लोकांत चालले आहे असे समजू नका. ते शेतकऱ्यांच्याच गावात चालले आहे. मालकाला काका म्हणायला, मालकिणीला मावशी म्हणायला त्याला शिकवून पाठवा. अडीअडचणीला शेजारी हीच माणसे असतात.

बाजाराची गोष्टही तशीच. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आले, १९९६ साली भाजीपाला आणि फळांचा बाजारही आला. त्यांच्यामागे माथाडी कामगारांची वस्ती वाढली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या कामाला शिस्त आणि संरक्षण मिळाले, ते अण्णासाहेब पाटलांनी कामगार संघटित केले आणि हक्क मागितला म्हणून. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांची मुले आज याच शहरात पदव्या घेत आहेत.

आणि शिक्षणाचे म्हणाल तर कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था इथे फार पूर्वीपासून आहे. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय १९७० चे, वाशीचे महाविद्यालय १९७९ चे. कर्मवीरांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले गावी संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या बोर्डिंगातली मुले स्वतः दळण दळीत, भांडी घाशीत, शेतात राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' ही योजना त्यातूनच आली. काम करायला लाजायचे नाही आणि हक्काचे मागायलाही लाजायचे नाही, एवढे त्या परंपरेतून घेतले तरी पुष्कळ झाले.

आता आधी वडीलधाऱ्यांनी करायची कामे सांगतो.

पहिले काम कागदांचे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, सातबारा आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढून मुलाजवळ द्या. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे का ते डोळ्यांत तेल घालून पाहा. आधारवर 'दत्तात्रय' आणि दाखल्यावर 'दत्तात्रेय' एवढ्या फरकानेही अर्ज अडू शकतो. गुणपत्रिका आणि दाखले पडताळून लगेच परत द्यावेत, संस्थेने ते अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले आहे. म्हणून कोणताही मूळ कागद कार्यालयात दिला तर पोच घ्या आणि परत कधी मिळेल ते तिथेच विचारा.

दुसरे काम शिष्यवृत्तीचे. राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या एकाच पोर्टलवर भरायचे असतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खाते मुलाच्या नावाचे हवे आणि चालू हवे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्काची योजना आहे. घर सोडून शिकणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि तिच्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा खास विचार केला आहे. पंजाबराव स्वतः देशाचे कृषिमंत्री होते, शेतकऱ्याच्या पोराला शहरात काय सोसावे लागते हे ते जाणून होते. मुलींसाठी तर राज्य सरकारने २०२४ मध्ये मोठा निर्णय केला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. तेव्हा "मुलीवर एवढा खर्च कशाला" हे वाक्य उच्चारण्याआधी फी खरोखर किती लागते ते विचारून या.

कोणती योजना कोणत्या अभ्यासक्रमाला लागू आहे हे सोसायटीच्या कट्ट्यावर ठरवू नका. कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे काम पाहणारा कारकून असतो, त्याला गाठा. आणि लक्षात ठेवा, अर्ज एकदा भरून भागत नाही. दरवर्षी तो नव्याने पुढे चालू ठेवावा लागतो.

तिसरे काम सावधपणाचे. पैसे घेऊन प्रवेश करून देतो म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याच्या चहालाही बसू नका. शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा, असा फोन आला तर ठेवून द्या. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपपासून मुलाला लांब राहायला सांगा. सावकार गावातला असो की मोबाइलमधला, त्याची जात एकच.

आता चार शब्द मुलांशी. मुला, मुली, तुमच्या वयाच्या माझ्याशी मला आज बोलता आले असते तर जे सांगितले असते, तेच तुला सांगतो. आईवडिलांनी हे वाचून दाखवले तर कंटाळू नकोस.

पहिल्या आठवड्यात कॉलेजचा कानाकोपरा पाहून घे. कार्यालय कुठे, ग्रंथालय कुठे, नोटीस बोर्ड कुठे, पाणी कुठे. नोटीस बोर्ड रोज वाच आणि वर्गाचा जो मोबाइल ग्रुप असेल त्यातली सूचना खरी की ऐकीव ते बोर्डावर ताडून पाहा. रेल्वेच्या पासात विद्यार्थ्याला सवलत मिळते, तिचा कागद कॉलेजच्या कार्यालयातूनच घ्यावा लागतो. मुलींनो, एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, सणावाराला घरी यायला तेवढाच हातभार.

दुसरे, हिशेब समजून घे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा अभ्यास 'क्रेडिट'मध्ये मोजतात. ऐकायला अवघड वाटते, पण आहे सोपे. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे एका सेमिस्टरमध्ये साधारण १५ तासांचे शिकणे. वर्षाला असे ४० ते ४४ क्रेडिट जमवायचे. तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी. एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन थांबण्याची, आणि पुढे परत येऊन शिकण्याचीही वाट ठेवली आहे. घरी अडचण आली, वडील आजारी पडले, म्हणून शिक्षण तोडावे लागले तरी केलेले वर्ष मातीत जात नाही. पण त्यासाठी काय काय पूर्ण करावे लागते हे जाण्याआधी विचारायचे. न सांगता गावी निघून गेलास तर कोणी तुझे क्रेडिट घेऊन मागे धावणार नाही.

हजेरीचे तसेच. मुंबई विद्यापीठाच्या नियमाने ७५ टक्के हजेरी लागते. भात लावणीला, ऊस तोडणीला, लग्नकार्याला घरून बोलावणे येते, ते मी जाणतो. चार दिवस जावे लागले तर जा, पण आधी सरांना सांग, अर्ज दे, आणि आल्यावर बुडलेले तास कोणाच्या तरी वहीतून उतरवून घे. एखादा विषय राहिला तर एटीकेटी मिळून पुढच्या वर्गात जाता येते, पण राहिलेला विषय उधारीसारखा असतो. वेळेवर फेडला नाही तर वाढत जातो.

आता इंग्रजीचे. पहिल्या दिवशी सरांचे बोलणे कानावरून गेले तर घाबरू नकोस. तुझ्या शेजारी बसलेल्या निम्म्या मुलांनाही कळलेले नसते, ती फक्त मान हलवतात. रोज तासात जे शब्द अडले ते वहीच्या मागच्या पानावर लिही. संध्याकाळी त्यांचे अर्थ शोध. प्रत्येक विषयाचे ठरावीक शे-दोनशे शब्दच पुन्हा पुन्हा येतात. ते एकदा हाताशी आले की निम्मे काम झाले. युरिया, सुपर फॉस्फेट, ड्रिप, हायब्रीड हे शब्द इंग्रजीच, पण तुझ्या न शिकलेल्या आजीच्याही तोंडी आहेत. कामाचा शब्द जिभेवर बसायला वेळ लागत नाही.

आणि विचार. तास संपल्यावर सरांकडे किंवा बाईंकडे जा आणि मराठीत सांग, "सर, हा भाग मला कळला नाही." एवढ्या एका वाक्यासाठी मुले सहा महिने घालवतात. हसतील का, अडाणी समजतील का, ही भीती असते. पहिल्या वेळी जीभ जड होते, तिसऱ्या वेळी होत नाही. शिकवणाऱ्याला विचारणारा विद्यार्थी आवडतो, कारण तो क्वचित भेटतो. एखादे वेळी कोणी तुसडेपणाने उत्तर दिले, तर दुसऱ्याला विचार. एका विहिरीला पाणी लागले नाही म्हणून आपण गाव सोडतो का?

ग्रंथालयात रोज तासभर बस. आठ जणांच्या खोलीत अभ्यास होत नाही हे काही तुझे एकट्याचे दुखणे नाही. पुस्तके विकत घेण्याआधी ग्रंथपालांना विचार, गरजू मुलांना वर्षभरासाठी संच देण्याची सोय आहे का. 'कमवा आणि शिका'मध्ये जागा आहे का तेही विचार. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाल. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ती सुरू झाली. वर्षाला १२० तासांचे काम आणि एक सात दिवसांचे शिबिर. शिबिर बहुतेक खेड्यातच असते. तिथे कुदळ कशी धरायची हे शहरातली मुले तुला विचारतील. मैत्री जुळायला त्याहून चांगली जागा नाही.

कोणी त्रास दिला, गावंढळ म्हणून छळले, तर सोसू नकोस. चेष्टा आणि छळ यांतला फरक तुला कळतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा फुकट फोन आहे. आधी प्राचार्यांकडे जा, एकट्याने जायला भीती वाटली तर मामाला घेऊन जा. आणि मन फारच उदास झाले, झोप लागेना, जेवण जाईना, तर ती गोष्टही सांगण्याचीच आहे. आईला सांग, सरांना सांग, डॉक्टरला सांग. ताप आला तर आपण लपवतो का?

मामाच्या घरी राहत असशील तर एक पथ्य पाळ. मामी पहाटे उठून डबा करते. आपले ताट आपण धुवावे, पाणी भरावे, धाकट्या भावंडांचा अभ्यास घ्यावा. पाहुण्यासारखा राहणारा भाचा चार महिन्यांनी जड होतो, घरच्यासारखा राहणारा होत नाही.

शेवटी पुन्हा थोडे आईवडिलांशी. आपण फोनवर नेहमी दोनच प्रश्न विचारतो, "जेवलास का?" आणि "पैसे आहेत का?" दोन्ही मायेचे आहेत, ते विचाराच. पण त्यांना तिसरा जोडा, "या आठवड्यात कोणाला काय विचारलंस?" उत्तर "काही नाही" असे आले तर रागावू नका. पुढच्या आठवड्यात एक तरी गोष्ट विचारून ये, म्हणून सांगा. तुम्हांला क्रेडिट आणि सेमिस्टर कळत नसले तरी चालेल. मूल तुम्हांला समजावून सांगेल, आणि सांगता सांगता त्याचे स्वतःचेही पक्के होईल.

शक्य असेल तर दिवाळीच्या आत एकदा कॉलेजात जाऊन या. माल घेऊन वाशीला जाता तेव्हा अर्धा दिवस काढा. धोतर-टोपीत जायला किंवा नऊवारीत जायला संकोच करू नका. सरांना भेटा, हजेरी कशी आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठवर आला ते विचारा. बाप आपल्या कॉलेजात येऊन सरांशी न लाजता बोलतो, हे मुलाने एकदा पाहिले की त्याचीही भीड चेपते. विचारण्याची सवय अशी घरापासूनच लागते.